न भिजवायचं कापड

दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीला खिडकी एकच होती आणि तीही जिन्यात उघडायची. त्यामुळे आतला वास रस्त्यावर जाण्याऐवजी जिन्याने वर चढायचा. वर अधीक्षकांचं ऑफिस असल्यामुळे खिडकी बंद ठेवायचा लेखी हुकूम होता, आणि तो काचेवरच चिकटवलेला असल्यामुळे उजेडही अर्धाच यायचा.

या खोलीत एकतीस वर्षं काढलेल्या ड्रेसरला सगळे हळूमामा म्हणत. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, कारण त्यांची एकुलती एक बहीण बिनलग्नाची राहिली होती. पण दवाखान्यात मामा म्हणवून घ्यायला भाच्याची अट नसते. नावातला ‘हळू’ मात्र कमावलेला होता. पट्टी सोडताना ते सतत ‘हळू, हळू’ असं पुटपुटत. ते पेशंटला सांगत, स्वतःच्या हातांना सांगत की पट्टीलाच, हे कोणी कधी विचारलं नाही.

जखमेवरचं गॉज वाळलं की ते मांसाला चिकटून बसतं. ते काढायची सर्वमान्य पद्धत म्हणजे पेशंटला घरची विचारपूस करायची आणि तो उत्तर द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच एका झटक्यात ओढायचं. मामांची पद्धत वेगळी होती. ते गॉजवर सलाईनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, बाटली उपडी करायचे, मनात शंभर मोजायचे आणि मग चिमट्याने कडेकडेने सोडवायला घ्यायचे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या ड्रेसरने त्यांना हे शिकवलं होतं. त्या म्हाताऱ्याचं बाकीचं बरंचसं ज्ञान पुढे चुकीचं निघालं, हे तेवढं टिकलं.

रोज वीस-बावीस पट्ट्या आणि प्रत्येकीमागे शंभर. इतर ड्रेसर अकराला हात धुऊन चहाला जायचे, मामांना एक वाजायचा. या दिरंगाईबद्दल अधीक्षकांनी त्यांना तीनदा लेखी विचारलं होतं आणि मामांनी तिन्ही वेळा ‘यापुढे काळजी घेईन’ असं लेखी कळवलं होतं. तरी बाहेरच्या बाकड्यावर मामांची रांग सगळ्यांत लांब असायची. माणसं इतर दोन ड्रेसरांना ‘आम्हाला घाई नाही’ असं सांगून बसून राहायची.

आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गुडघे संध्याकाळपर्यंत साथ देत नव्हते. वाकून वाकून पाठीने बहुधा तोच आकार पसंत केला होता. घरी आल्यावर मामा बूट न काढता पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून राहत. बायको गेल्यापासून त्या पंधरा मिनिटांचा अर्धा तास झाला होता, कारण आता ‘बूट काढा’ म्हणणारं कोणी नव्हतं.

बहीण त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या सोडून राहायची आणि पुढच्या खोलीत पायाच्या मशीनवर कपडे शिवायची. तिला चौदा वर्षांपासून साखरेचा त्रास होता. तळपायांची जाणीव हळूहळू गेली होती, पण मशीन चालवायला जाणिवेची गरज पडत नाही असं तिचं म्हणणं होतं. रोज दुकान बंद करताना ती डबीतल्या टाचण्या मोजून ठेवायची. एके दिवशी एक टाचणी कमी भरली. दोन दिवस तिने ती टेबलाखाली, कापडाच्या ढिगात, केरात, सगळीकडे शोधली. तिसऱ्या दिवशी ती तिच्या उजव्या तळपायात सापडली. दोन दिवस ती टाचणी शोधत टाचणीवरच चालत होती.

यावर कोणीही ड्रेसर असलेल्या भावाकडे गेलं असतं. ताई महिनाभर त्याच्यापासून लपवून अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या पट्ट्या बांधत राहिली. पुढे कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “तुला दाखवलं असतं तर तू रोज आला असतास.” शेवटी तिच्या मोज्याचा वास मामांनी दारातूनच ओळखला, तेव्हा चवड्याखाली खारकेएवढा खड्डा पडला होता.

सर्जन कमी बोलणारे होते, आणि जे बोलायचे ते पेशंटकडे न बघता जखमेकडे बघून बोलायचे. त्यांनी जखमेला तीन आठवडे दिले. तोवर भरायला लागली नाही तर विष हाडात उतरायच्या आत पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, असं त्यांनी तिला सांगितलं. मग शिवणाचं काय, असं तिने विचारलं. साहेबांनी मोटारीचं मशीन सुचवलं. ताईने त्यांच्याकडे, भर लग्नात पँटची शिवण उसवलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“आणि उरलेल्या पायाने काय करायचं?” ती म्हणाली. “ताल धरायचा?”

याच सुमाराला दवाखान्यात नवीन कापडाची चाचणी सुरू होती. हे कापड बनवणारी मुलगी गावाबाहेरच्या संशोधन संस्थेतून यायची. तिशीतली, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. वॉर्डाने तिचं नाव ‘सूतवाली’ ठेवलं होतं. तिच्या यंत्रात एक इंजेक्शनची सिरिंज होती. सुईच्या टोकाला वीस हजार व्होल्टची वीज जोडली की आतल्या चिकट द्रवाचं सूत ओढलं जायचं आणि समोरच्या फिरत्या पिंपावर जाऊन बसायचं. सूत इतकं बारीक, की एकेक धागा डोळ्यांना दिसतच नाही. दिवसभर यंत्र चाललं की तळहाताएवढा तुकडा तयार व्हायचा. हवा दमट असली तर सुताला गाठी यायच्या आणि तो दिवस टोपलीत जायचा. सहा वर्षं ती हे करत होती. घरी तिला अजून विचारत, की नक्की करतेस काय.

ताईचा बारा पेशंटांतला सातवा नंबर लागला आणि तिला वॉर्डात दाखल करून घेतलं. कापडाचे तीन तुकडे, प्रत्येक सात दिवसांचा. सूतवालीने मामांना बसवून समजावलं, की औषध सुताच्या पोटात आहे आणि भोवती पातळ सालासारखं आवरण आहे. जखमेचा ओलावा खालून हळूहळू आत शिरतो आणि तेवढंच औषध रोज बाहेर येतं. एकदम सगळं बाहेर पडलं तर पहिल्या दिवशी नव्या मांसाला भाजल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून जखमेला काहीच उरत नाही.

“म्हणजे हे पण हळूच,” मामा म्हणाले.

सूतवाली हसली. सहा वर्षांत तिच्या कामाचा इतका थोडक्यात अर्थ कोणी लावला नव्हता. मग तिने सूचना सांगितल्या. एक दिवसाआड फक्त वरचा कापूस बदलायचा. खालचं कापड उचलायचं नाही. भिजवायचं नाही. हे शेवटचं तिने तीनदा सांगितलं. मामांनी तीनदा मान हलवली आणि कागदावर सही केली.

ताईने कापडाचं कातरण मागून घेतलं आणि अंगठ्याने चोळून बघितलं. “हे विणलेलं नाही,” ती म्हणाली. “नुसतं साचलंय. काठसुद्धा नाही. असलं गिऱ्हाइकाला दिलं तर परत आणून देईल.” पण तिने ते कातरण टाचण्यांच्या डबीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी श्वास रोखून वरचा कापूस बदलला. सगळं व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी दुसरे दोन ड्रेसर रजेवर होते. एकाच्या घरी लग्न होतं आणि दुसरा त्याच लग्नाला गेला होता. बाकड्यावर छत्तीस माणसं. ताई वॉर्डातून चाकाच्या खुर्चीवर आली ती तेविसावी. स्टुलावर पाय ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती, की शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर घोरते आणि सकाळी झोप लागली नाही म्हणून सिस्टरकडे तक्रार करते. मामा ‘हं’ म्हणत होते. बँडेज सुटलं, कापूस निघाला. हाताने बाटली उचलली, उपडी केली आणि मामा मोजायला लागले.

सत्तरच्या पुढे कुठेतरी त्यांच्या लक्षात आलं.

त्या वेळी कापडाचा एक कोपरा सुटून तरंगत होता. मामांनी आधी कापसाने पाणी टिपलं. मग, भिजवलंच आहे तर, असं म्हणून त्यांनी तो कोपरा उचलून खाली बघितलं. एकतीस वर्षांत उघड्या जखमेकडे न बघता हात मागे घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. जखम पहिल्यापेक्षा स्वच्छ वाटली, त्यामुळे जरा बरं वाटलं. कोपरा पुन्हा बसवला, नवा कापूस, नवं बँडेज. दोन-चार चमचे पाण्याने काय होतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बाटली अर्धी रिकामी झाली होती, तिच्याकडे बघायचं टाळलं. ताईला काहीच कळलं नाही. पायाने तिला काही सांगणं केव्हाच सोडलं होतं.

सातव्या दिवशी साहेबांनी कागदी पट्टीने जखम मोजली. लांबी तीच, रुंदी तीच, एक कड उलट थोडी काळवंडलेली. साहेब जखमेला म्हणाले, की या कापडाचा उपयोग दिसत नाही आणि आणखी दोन आठवडे घालवण्यात अर्थ नाही. पुढच्या मंगळवारी पाय काढायचं ठरलं. सूतवालीने वापरलेला तुकडा नेहमीप्रमाणे तपासणीसाठी बरणीत भरला. उरलेले दोन तुकडे असलेल्या डब्याचं झाकण तिने आवाज न करता लावलं.

मामा संध्याकाळी वॉर्डात ताईच्या खाटेशी बसले. ती अर्धवट शिवलेल्या कपड्यांची यादी सांगत होती. कोणाची बाही लावायची राहिली, कोणाला कापड तसंच परत द्यायचं, कोण कुरकुर करेल आणि तिला काय सांगायचं. मामा लिहून घेत होते. यादी संपली तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि चौथ्या दिवशी काय झालं ते सांगितलं.

शेजारची बाई घोरायला लागली होती.

“किती मोजलेस?” ताईने विचारलं.

“सत्तर. बहात्तर असतील.”

“माझ्या पायाला काही कळत नाही, हे तुला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग कोणासाठी भिजवलंस?”

ताईने पांघरूण सारखं केलं आणि सकाळी साहेबांना जाऊन सांग, म्हणाली. मामांनी सही केलेल्या कागदाचा, चौकशीचा, नोकरीचा विषय काढला.

“नोकरी तुझी दोन वर्षं उरलीय,” ती म्हणाली. “पाय मला त्याहून थोडा जास्त दिवस लागेल असं वाटतंय.”

सकाळी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांनी चक्क मामांच्या तोंडाकडे बघितलं, म्हणजे प्रकरण अवघड होतं. पाय काढायची तारीख ठरली की घरचे काय काय सांगतात, याचा त्यांना अनुभव होता. कोणाला वेगळं औषध आठवतं, कोणाला लांबच्या गावचा डॉक्टर. त्यांनी मामांना समजुतीने सांगितलं, की तुम्ही तिचे भाऊ आहात, तुमच्या जागी मी असतो तर मीही काहीतरी रचलं असतं. तुमच्यासारखा माणूस सही करून असली चूक करेल हे पटत नाही.

मामा खोलीबाहेर आले. बाटली फेकलेली, कापूस जाळलेला, बघणारं कोणी नाही. इतक्या वर्षांत मिळवलेला चांगुलपणा असा आडवा येईल, याची त्यांनी कल्पना केली नव्हती.

दुपारी सूतवाली आली. ती येताना नेहमी आधी वॉर्डात जायची; आज सरळ ड्रेसिंगच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. तिच्या हातात दोन छापलेले फोटो होते. आधी तिने मामांना चांगल्या तुकड्याचा फोटो दाखवला. सूक्ष्मदर्शकाखाली तो विस्कटलेल्या केसांसारखा दिसत होता. मग ताईच्या तुकड्याचा. त्यात केस ओले होऊन एकमेकांना चिकटले होते आणि मध्ये मध्ये चौकोनी खडे पडले होते.

“हे मीठ आहे, मामा,” ती म्हणाली. “आणि तुकड्याच्या वरच्या बाजूला आहे. जखमेचं पाणी खालून येतं. औषधही जवळजवळ संपलेलं आहे. हे वरून कोणीतरी सलाईन ओतलंय.”

“मी ओतलंय,” मामा म्हणाले. “हा फोटो साहेबांना दाखवा.”

“मी तुमची तक्रार करायला आलेय.”

“हो, तीच करा. लगेच करा. मी बरोबर येतो.”

सूतवालीने आयुष्यात केलेली ही पहिलीच तक्रार होती. तिला वाटेत धीर देण्याचं काम आरोपीने केलं.

साहेबांनी फोटो उजेडाकडे धरला, उलटा करून बघितला, पुन्हा सरळ केला. मग वॉर्डात जाऊन ताईच्या घोट्यावर पेनाने एक रेघ मारली. लाली या रेघेपर्यंत आली किंवा ताप चढला तर त्याच तासाला पाय काढणार. नाही तर दोन आठवडे. मामांनी त्या पायाला हात लावायचा नाही. तिकडे संस्थेत दोन-तीन फोन झाले आणि असं ठरलं, की राहिलेले दोन तुकडे बाईंच्याच मापाचे आहेत तेव्हा ते लावावेत, पण नियम मोडला गेल्यामुळे सात नंबर चाचणीतून कमी करावा. यापुढे तिचा पाय राहिला काय आणि गेला काय, कुठल्याही तक्त्यात येणार नव्हता. अधीक्षकांनी मामांना लेखी समज दिली. मामांनी ‘यापुढे काळजी घेईन’ असं कळवलं. या खेपेला ते लिहायला त्यांना वेळ लागला.

नवा तुकडा सिस्टरने लावला. बँडेज बांधून झाल्यावर ताईने पिशवीतून सुईदोरा काढला आणि बँडेजचं शेवटचं टोक निळ्या दोऱ्याने शिवायला घेतलं. साहेब तेवढ्यात फेरीवर आले.

“सुई? याच पायाजवळ?”

“ती टाचणी खाली पडलेली होती, साहेब. ही माझ्या हातात आहे.” तिने भावाकडे बघितलं. “बारा टाके घातलेत. तुला मोजायची सवय आहे ना, रोज येऊन मोजत जा. लांबून.”

पुढचे चौदा दिवस मामा रोज दोनदा खाटेच्या पायथ्याशी उभे राहून टाके मोजत. एक दिवसाआड सिस्टर टाके कापून वरचा कापूस बदलायची आणि ताई पुन्हा बारा टाके घालायची. मामा हात पाठीमागे बांधून उभे राहत, एक हात दुसऱ्या हाताच्या मनगटाला धरून. रेघ घोट्यावर होती तिथेच होती, पण रोज अंग पुसताना फिकी होत चालली होती, आणि लाली सरकली की रेघ पुसली, हे त्यांना थकलेल्या डोळ्यांनी नीट कळत नसे. अकराव्या दिवशी ताईला कणकण वाटली. ती रात्र मामांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली. सकाळी ताप नव्हता. ताई म्हणाली, की शेजारणीच्या घोरण्याने अंग तापलं असेल.

तीन आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी साहेबांनी कागदी पट्टी लावली. खड्डा निम्म्याने उथळ झाला होता. तळाशी लाल, दाणेदार मांस आलं होतं. साहेब जखमेकडे बराच वेळ बघत होते.

“भरतेय,” ते जखमेला म्हणाले. मग, “तारीख नको सध्या.”

‘सध्या’ हा शब्द मामांनी ऐकला, ताईनेही ऐकला. दोघांनीही साहेबांना तो पुन्हा उच्चारायला लावला नाही.

ताई घरी गेली. मशीनला तीन महिने पाय लावायचा नव्हता, तेव्हा ती हाताने काजं करत बसायची. जखम अजून बुजायची होती. आठवड्यातून दोनदा साधी गॉजची पट्टी बदलायला ती दवाखान्यात यायची आणि बाकड्यावर इतरांसारखी रांगेत बसायची. साधी पट्टी सोडायची परवानगी साहेबांनी मामांना परत दिली होती.

अशाच एका सकाळी सूतवाली चाचणीचा अहवाल घेऊन आली. आणखी बारीक दिसत होती. चाचणी बरी झाली होती. अकरा पेशंट, त्यांतल्या सातांच्या जखमा ठरलेल्या वेळात निम्म्यावर आल्या. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की एक रुग्ण हाताळणीतील त्रुटीमुळे वगळला. ती ओळ दाखवताना तिला अवघडल्यासारखं झालं. ती म्हणाली, की खरं तर सर्वांत चांगली भरलेली जखम हीच, पण लिहिता येत नाही.

ताईने अहवाल हातात घेतला, चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि परत दिला.

“नसू दे माझा पाय तुझ्या कागदावर,” ती म्हणाली. “मला तो जमिनीवर हवाय.” मग मामांकडे वळून, “आणि ‘हाताळणीतील त्रुटी’ म्हणजे हा. तीस वर्षं हळूमामा म्हणवून घेतलं, आता छापून आलं.”

सूतवाली हसली की नाही हे मामांनी बघितलं नाही. त्यांनी बँडेज सोडलं होतं. साधं गॉज, वाळून कडक झालेलं. हात बाटलीकडे गेला आणि वाटेत थांबला.

“भिजवू?” त्यांनी विचारलं.

“मला काय कळणार आहे,” ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने म्हणाली, “भिजव.”

मामांनी बाटली उपडी केली आणि मोजायला सुरुवात केली. ताई सूतवालीला विचारत होती, की त्या कापडाला काठ घालायची काही सोय होईल का, म्हणजे बघायला तरी बरं. त्या बोलण्यात मामांचा आकडा चुकला. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. बाहेर बाकड्यावर अजून चौदा जण बसले होते.